निमियाबाई आणि अक्षरावरची लाट

निमियाबाईंच्या वर्गात पहिल्या दिवशी यंत्राला हात लावायला मिळत नसे. मोकळ्या टेबलावर दोन्ही पंजे ठेवायचे, डोळे मिटायचे आणि बाई सांगतील ते एकच बोट उचलायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण उजवी करंगळी उचलायला गेलं की शेजारचं बोट तिच्यामागून निघायचं. मग बाई त्या बोटावर हलकेच पट्टी टेकवून म्हणायच्या, "तुला कुणी बोलावलं? बस खाली."

आईने मला तिथे घातलं त्याला कारण माझी मावसबहीण. ती टायपिंग शिकून पाराग्वाईच्या राजधानीत, आसुन्सियोनला, एका वकिलाकडे लागली आणि नाताळला उंच टाचांचे बूट घालून घरी आली. ते बूट बघून आईने दुसऱ्याच दिवशी माझा हात धरला आणि व्हियारिकाच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, क्रिस्पिन मारेको यांच्या दुरुस्तीच्या दुकानात मला उभं केलं. मागच्या खोलीत बाईंचा वर्ग भरायचा.

"हिला शिकवा," आई म्हणाली. "हिची बोटं लांब आहेत."

बाईंनी माझ्या हाताकडे बघितलंही नाही. "बोटं सगळ्यांचीच पुरेशी लांब असतात. बसायची सवय आहे का?"

खोलीतली यंत्रं एकमेकांसारखी नव्हती. एका जुन्या रेमिंग्टनचं 'ए' हे अक्षर ओळ सोडून थोडं वर उडायचं, त्यामुळे त्या यंत्रावर केलेलं पान कायम आश्चर्य वाटल्यासारखं दिसायचं. एका अंडरवूडची घंटा मेलेली होती. ओळ संपत आली की त्या यंत्रावर बसलेल्या मुलीने स्वतःच तोंडाने "टिंग" म्हणायचं, अशी बाईंची आज्ञा होती. सगळ्या कळांवर चिकटपट्टीचे तुकडे लावलेले. अक्षर शोधायला खाली मान घातली तर खाली काहीच नाही. भिंतीवर अक्षरांचा मोठा तक्ता होता, तो बघायचा आणि बोटांना आठवायला लावायचं. आ, एसे, दे, एफे. मग उजव्या करंगळीखाली एन्ये, म्हणजे डोक्यावर नागमोडी लाट असलेला 'न'. ही अक्षरं मी स्वप्नात बडबडायचे, असं आई अजून सांगते.

दुपारच्या सुट्टीत तेरेरेचा, म्हणजे आमच्याकडच्या पाल्याच्या गार चहाचा, पेला हातोहात फिरायचा. तेव्हा बाई थोड्या सैल व्हायच्या आणि स्वतःबद्दल बोलायच्या. पुढचं बरंचसं मला त्या सुट्ट्यांमधून कळलेलं आहे.

निमिया रेकाल्दे डोंगराच्या पायथ्याच्या एका खेड्यातली. घरची माणसं दुसऱ्यांच्या मळ्यात ऊस तोडायची. घरात, शेतात, विहिरीवर सगळं बोलणं ग्वारानीत, म्हणजे आमच्या मातीतल्या जुन्या भाषेत, आणि शाळा स्पॅनिशमध्ये. शाळेत ग्वारानीचा शब्द तोंडातून निघाला की मास्तर मक्याचे दाणे जमिनीवर पसरून त्यावर गुडघे टेकवायला लावायचे. छोट्या निमियाने त्यावर आपला उपाय काढला. तिने शाळेत बोलणंच बंद केलं. मास्तरांनी प्रगतीपुस्तकावर लिहिलं, मुलगी शांत आहे.

थोडी मोठी झाल्यावर ती व्हियारिकाला मावशीकडे राहायला आली. एलिहिया मावशी मठातल्या नन्सचे कपडे धुऊन इस्त्री करायची. मठात नुकताच टायपिंगचा वर्ग निघाला होता आणि तिथे सगळ्या चांगल्या घरच्या मुली यायच्या, डॉक्टरची मुलगी, कारखान्याच्या मॅनेजरची मुलगी. एक खुर्ची रिकामी होती. मावशीने इस्त्रीचे कपडे देता देता मोठ्या ननला विचारलं, "ती खुर्ची अशीच ठेवणार आहात का, का माझी पोरगी तिच्यावर बसवू?"

असा तो प्रवेश.

शिकवायला होत्या ओतिलिया इन्स्फ्रान. लग्न न केलेल्या, काटेकोर, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्या जायच्या. त्या ग्रामोफोनवर पोल्का नाचाची गाणी लावायच्या आणि सगळ्या वर्गाने त्या तालावर कळा मारायच्या. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवायच्या परीक्षेत निमिया पहिली आली. इतर मुलींना भाषा येत होती, म्हणून त्या पुढचा शब्द मनात धरून चालायच्या आणि घसरायच्या. निमियाला पुढचा शब्द माहीतच नव्हता.

"जे टाइप केलंस ते समजलं का तुला?" ओतिलियाबाईंनी विचारलं.

"नाही, बाई."

"मग चूक कशी नाही?"

"दिसलं तसं मारलं."

पण पुढची परीक्षा होती ऐकून टाइप करायची, आणि तिथे ती पार बुडाली. तिच्या कानाला शब्द कुठे संपतो नि कुठे सुरू होतो तेच कळेना. सगळं पान एकच लांबलचक शब्द असल्यासारखं आलं. डॉक्टरची मुलगी ते पान हातात धरून म्हणाली, "अगबाई, ही मालगाडी कुठे निघाली?" वर्ग पोट धरून हसला. निमिया घरी आली आणि मावशीला म्हणाली, मी उद्यापासून इस्त्री करते.

दुसऱ्या दिवशी ओतिलियाबाई स्वतः मावशीच्या दारात आल्या. बसल्या नाहीत. "मुलीला वर्ग सुटल्यावर थांबायला सांगा," म्हणाल्या. "मला रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची सवय आहे. कुणीतरी ऐकणारं लागतं." त्या वर्षी रोज संध्याकाळी त्या वर्तमानपत्र वाचायच्या आणि निमिया ते टाइप करायची. मंत्र्यांची भाषणं, गुरांचे बाजारभाव, कुणाच्या मृत्यूच्या बातम्या, सगळं. "लोक भाषा तोंडाने शिकतात," बाई आम्हाला सांगायच्या, "मी स्पॅनिश बोटांनी शिकले. अजूनही एखादा अवघड शब्द आठवला नाही की बोटं हलवून बघते."

पुढल्या खेपेला ती पास झाली. पण नोकरी मिळेना. ऑफिसात टाइप करून दाखवलं की साहेब खूश व्हायचे, आणि तिने तोंड उघडलं की तिचे उच्चार ऐकून म्हणायचे, "बरं, कळवतो हं." शेवटी ओतिलियाबाईंनीच तिला मठाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या क्रिस्पिन मारेकोंकडे नेलं. त्यांना यंत्राची नस न् नस कळायची, पण टाइप एका बोटाने यायचं. दुरुस्त झालेलं यंत्र दहा बोटांनी चालतं की नाही हे बघायला त्यांना माणूस हवंच होतं.

क्रिस्पिन उंच, वाकलेले, घरातसुद्धा टोपी घालणारे. माणसांशी कमी बोलायचे, यंत्रांशी जास्त. "हिला दमा आहे," असं एखाद्या ओलिवेत्ती यंत्राबद्दल म्हणायचे. "ह्याला घरच्यांनी कधी तेलच दाखवलेलं नाही, बघा." निमियाने यंत्र चालवून बघायचं आणि कुठे दुखतंय ते सांगायचं. दोघांची भाषा ग्वारानी, त्यामुळे तिला तिथे तोंड उघडायची भीती वाटेनाशी झाली. काही वर्षांनी ओतिलियाबाई बहिणीकडे ब्वेनोस आयर्सला निघून गेल्या. मग मठाची जुनी यंत्रं क्रिस्पिनच्या दुकानामागच्या खोलीत आली आणि निमियाची निमियाबाई झाली.

आता ती खाटेची गोष्ट. आमच्या गावात ही गोष्ट अजून सांगतात आणि दर वेळी तिच्यात भर घालतात, पण मी बाईंनी सांगितली तशीच सांगते.

चर्चमधली लॅटिन जाऊन लोकांच्या भाषेत प्रार्थना सुरू झाल्या तेव्हाचे हे दिवस. आमच्याकडे स्पेनहून आलेले पाद्री लासार्ते होते. मनाने फार चांगले, आणि ग्वारानी शिकायची भारी हौस. प्रार्थना ग्वारानीतच म्हणायच्या असं त्यांनी ठरवलं. त्यांनी त्या खेड्यात प्रार्थना म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून उतरवून घेतल्या आणि निमियाबाईंकडे टाइप करायला दिल्या.

इथे अडचण आली. ग्वारानीत नाकातून बोलायचे स्वर असतात आणि लिहिताना त्यांच्या डोक्यावर ती नागमोडी लाट काढावी लागते. स्पॅनिश यंत्रावर लाट फक्त 'न'ला मिळते. दुसऱ्या कुठल्या अक्षराला ती देता येत नाही. बाई आधी टाइप करायच्या आणि मग पेन घेऊन प्रत्येक प्रतीवर हाताने लाटा काढत बसायच्या. आणि लाट राहिली की अर्थच पालटतो. 'ओकें' म्हणजे दार, लाट काढली नाही तर 'ओके', म्हणजे झोपतो. 'तुपां' म्हणजे देव, आणि लाट नसली तर 'तुपा', म्हणजे खाट.

एका रविवारी पाद्र्यांच्या हातात जी प्रत गेली, तिच्यावर लाटा काढायच्या राहून गेल्या होत्या. ग्वारानी बोलणारा माणूस असता तर त्याने न बघता बरोबर म्हटलं असतं. पण लासार्ते कागदावरून शिकलेले, कागदावर होतं तेच त्यांनी भरल्या चर्चमध्ये हात पसरून, डोळे वर लावून म्हटलं: "हे सर्वशक्तिमान खाटे, आमच्यावर दया कर."

पहिल्या रांगेतल्या बायकांनी रुमाल तोंडात कोंबले. पाद्रीबाबांना वाटलं, लोक भावनेने हलले, म्हणून त्यांनी ती ओळ पुन्हा म्हटली. मागे कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "आमेन, मलापण झोप आलीय," आणि मग कुणालाच आवरलं नाही.

लासार्तेंना नंतर कळलं तेव्हा तेही खूप हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीत त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या. "माझ्या भाषेला हसले सगळे," म्हणाल्या. "माझ्या हातून."

क्रिस्पिन दारात उभे होते. त्यांना समजूत घालता यायची नाही. थोडा वेळ टोपी फिरवत उभे राहिले आणि मग म्हणाले, "ती अर्धा आणि पाव लिहायची कळ आहे ना, 'प'च्या बाजूची. तुम्ही ती कधी वापरता?"

"नाही."

"कुणीच नाही वापरत," म्हणाले आणि बाईंचं यंत्र उचलून घेऊन गेले.

मोडीत निघालेल्या एका यंत्रातून त्यांनी लाटवाल्या 'न'चा खिळा काढला. एकाच खिळ्यावर लहान नि मोठी अशी दोन्ही अक्षरं असतात. भिंग डोळ्याला लावून, बारीक कानस घेऊन त्यांनी दोन्ही 'न' घासून टाकले. वरच्या लाटा तेवढ्या ठेवल्या. मग अर्ध्या-पावाचा खिळा काढून त्या जागी हा डाख लावून बसवला. त्या दांड्याची खालची टाच घासली, म्हणजे ती कळ मारली तरी कागदाची गाडी पुढे सरकणार नाही. आधी लाट मारायची, मग अक्षर. अक्षर आपोआप लाटेखाली येऊन बसायचं.

बाईंनी पहिल्यांदा टाइप केलं 'तुपां'. मग 'ओकें'. मग 'मितां', म्हणजे लेकरू. मग सगळं पान लाटवाल्या शब्दांनी भरलं आणि क्रिस्पिनना दाखवलं. त्यांनी पान उजेडात धरलं. "मोठ्या अक्षराची लाट जरा डावीकडे गेलीय," म्हणाले आणि यंत्र परत घेऊन गेले.

मी वर्गात आले तोवर ह्या गोष्टी होऊन काही वर्षं झाली होती. ते दोघं तसेच, एक पुढच्या खोलीत, एक मागच्या खोलीत. गावातल्या बायका बाईंना टोमणे मारायच्या, "काय हो, तुमचं यंत्र अजून दुरुस्त होतंच आहे का?" बाई म्हणायच्या, "जुनं आहे, वेळ लागतो."

मग तो वाईट काळ आला. आमच्या बाजूचे ऊसवाले एकत्र येऊ लागले होते. कारखान्याच्या काट्यावर आपला माणूस उभा असावा, एवढंच त्यांचं मागणं. पण त्या दिवसांत चार माणसं एका झाडाखाली बसली तरी सरकारला ताप यायचा. सभेचं बोलावणं ग्वारानीत टाइप होऊन खेड्याखेड्यांत फिरलं. स्वच्छ टाइप केलेलं, सगळ्या लाटा जागच्या जागी. कुणी टाइप केलं होतं हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी वर्गातल्या कार्बन कागदाचा गठ्ठा संपला आणि आम्हाला बाईंनी नुसत्या बोटांचे व्यायाम करायला लावले.

एका सकाळी आम्ही पोल्काच्या तालावर कळा मारत असताना दोन शिपाई आत आले. बाईंनी पट्टी खाली ठेवली. एक शिपाई बाईंच्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाला, "हे उचला, आणि तुम्हीपण चला."

"धडा पुरा होऊ दे," बाई म्हणाल्या. "पोरी मध्येच थांबल्या तर बोटं विसरतात."

शिपायांनी धडा पुरा होऊ दिला नाही. पण दारातून जाताना बाई मागे वळून म्हणाल्या, "दुली, ताल तू दे." मी पट्टी घेतली आणि ताल दिला. आम्ही रडत रडत टाइप करत होतो. अंडरवूडवरची मुलगी हुंदक्यांतून "टिंग" म्हणत होती.

आत कचेरीत काय झालं ते मला बाईंनी सांगितलं, क्रिस्पिननी सांगितलं, आणि फार वर्षांनी तिथल्या सारातो नावाच्या हवालदाराने सांगितलं. तिघांचं जुळतं, म्हणून लिहिते.

सरकारचा डेलिगेट म्हणून त्या वेळी जो होता तो कामाचं बोलणं स्पॅनिशमध्ये करायचा आणि शिव्या ग्वारानीत द्यायचा. त्याने ते सभेचं बोलावणं टेबलावर आपटलं. "ही लाट बघा. स्वरावर लाट! अख्ख्या पाराग्वाईत असं यंत्र मिळत नाही. व्हियारिकात एकच आहे, तुमचं. आता बोला."

बाई बोलल्या नाहीत. लहानपणी शाळेत जसं तोंड मिटलं होतं तसंच मिटून घेतलं.

मग त्याने यंत्राची साक्ष काढायला क्रिस्पिनना बोलावून आणलं. ते टोपी काढून उभे राहिले.

"ही लाट तूच बसवलीस ना?"

"हो, साहेब."

"लिहून घे, सारातो. ह्या बाईच्या यंत्रावर ह्यानेच—"

"ह्यांच्या यंत्रावर, होय," क्रिस्पिन म्हणाले. "आणि पोस्टातल्या यंत्रावर. औषधाच्या दुकानातल्या. साखर कारखान्याच्या दोन्ही यंत्रांवर. मठाच्या. नोटरीच्या." श्वास घेतला. "आणि ह्या."

त्यांनी सारातोच्या समोरच्या यंत्राकडे हात केला.

"काय बकतोस?"

"मागच्या पावसाळ्यात ह्याची गाडी अडकत होती म्हणून माझ्याकडे आलं होतं, साहेब. 'प'च्या बाजूची कळ मारून बघा."

सारातो दोन बोटांनी टाइप करणारा माणूस. त्याने ती कळ आयुष्यात कधी दाबली नव्हती. डेलिगेटने मान हलवली तशी त्याने ती भीत भीत दाबली आणि मग पुढचं सुचलं ते अक्षर मारलं. सरकारी शिक्का असलेल्या कागदावर, आरोपाच्या मध्यभागी, लाटवाला 'आ' उमटला.

मग सारातो, ज्याचा जन्म आमच्याच बाजूच्या खेड्यात झाला होता, कागदाकडे बघत हळूच म्हणाला, "अरे वा. मग माझ्या गावचं नाव नीट लिहिता आलं असतं की इतके दिवस."

डेलिगेटने त्याला जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही, पण तीही लाटेशिवाय लिहिता यायची नाही.

असं कुणाला वाटेल की बाई लगेच ताठ मानेने बाहेर आल्या. तसं झालं नाही. त्यांना अंधार पडेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, पाणी दिलं नाही, आणि पुन्हा पुन्हा तेच विचारलं. शेवटी डेलिगेटलाच कंटाळा आला असावा. लाट सगळ्या गावाची निघाल्यावर आरोप कुणावर ठेवायचा? बाईंना सोडलं. यंत्र मात्र ठेवून घेतलं आणि ते कधीच परत मिळालं नाही. वर्गाला कुलूप घालायला लावलं.

क्रिस्पिन सगळा वेळ बाहेर संत्र्याच्या झाडाखाली उभे होते. दोघं चालत निघाले.

"तुम्ही हे कधी केलंत?" बाईंनी विचारलं.

"त्या खाटेच्या रविवारनंतर. जे यंत्र दुरुस्तीला आलं त्याला."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. अर्धा-पाव कुणाला लागत नाही. लाट कधी ना कधी लागेल, असं वाटलं. तेव्हा ती तिथे असावी."

"मला सांगितलंही नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

थोडं चालल्यावर बाई म्हणाल्या, "आता गाव काय म्हणेल माहितीये? ह्या बाईपायी ह्या माणसाने गावातली सगळी यंत्रं बिघडवली."

"बिघडवली नाहीत," क्रिस्पिन दुखावून म्हणाले. "सुधारली."

"मग लग्न करून टाका माझ्याशी. म्हणजे दोन्ही गोष्टींचं बोलणं एकदमच होऊन जाईल."

क्रिस्पिन थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली. "बरं," म्हणाले.

लग्न पाद्री लासार्तेंनी लावलं, आणि देवाचं नाव घेताना त्यांनी बाईंकडे बघून ते इतकं नाकातून म्हटलं की सगळं चर्च हसलं. त्या दिवशी बाईपण हसल्या. चिपा, म्हणजे चीज घातलेले छोटे पाव, माझ्या आईने भाजले होते.

वर्ग त्या वर्षी ऊसतोडणी संपेपर्यंत बंद होता, पण आम्ही बंद झालो नाही. मी औषधाच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा सराव करायचे, दुसरी एक नोटरीकडे, आणखी एक मठात. बाई एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत जाऊन आमची बोटं तपासायच्या. प्रार्थना टाइप होत राहिल्या. सभेची बोलावणी पण होत राहिली, आणि कुठून येतात ते कुणाला सांगता यायचं नाही. उसाच्या काट्यावर ऊसवाल्यांचा माणूस उभा राहायला आणखी बरीच वर्षं जावी लागली, पण राहिला.

मी पुढे शिक्षिका झाले, उंच टाचांचे बूट राहूनच गेले. सरकार बदललं, नवी राज्यघटना आली आणि ग्वारानी स्पॅनिशच्या बरोबरीने राज्याची भाषा झाली. आमच्या शाळेला हुकूम आला की पहिलीच्या मुलांना ग्वारानीत वाचायला शिकवा. पुस्तकं नंतर येतील, असंही त्यात लिहिलं होतं. इतर गावांतले शिक्षक डोक्याला हात लावून बसले. मी सरळ बाईंकडे गेले.

क्रिस्पिन तेव्हा थकले होते, डोळ्यांनी कमी दिसायचं, पण कळ हाताने चाचपून कुठलं यंत्र कशाने आजारी आहे ते सांगायचे. गावात जिथे जिथे यंत्र होतं तिथे तिथे आम्ही जुन्या विद्यार्थिनींनी पानं वाटून घेतली. बाईंनी धडे रचले. कोंबडी, पाऊस, मंडिओकाचे कंद सोलणारी आजी. प्रती काढायच्या मेणकागदावर टाइप करताना बाई पुन्हा पुन्हा बजावायच्या, "लाट हलक्या हाताने मारा गं, जोरात मारलीत तर मेणकागद फाटेल." पाच-सहा शाळांना पुरतील एवढ्या प्रती निघाल्या. पहिल्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलीने पान हातात घेतलं, बोट ठेवून 'मितां' वाचलं आणि संशयाने माझ्याकडे बघितलं. "हे तर आपण घरी बोलतो," म्हणाली. "ह्याचं पण वाचन असतं?"

मी ते बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी क्रिस्पिनना सांगितलं, मोठ्याने, कारण त्यांना ऐकूही कमी यायचं. ते बराच वेळ मान हलवत बसले. त्यानंतर दोन हिवाळ्यांनी ते गेले.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुकान कधीच बंद झालं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण मागची खोली बाईंनी ठेवलेली आहे. मी त्यांच्यासाठी संगणक नेला तेव्हा त्यांनी दहा बोटांनी तो असा झोडपला की मला धाकधूक झाली. सगळं आवडलं त्यांना, पण ग्वारानीतलं लाटवालं 'ग' त्यावर येईना, नुसता चौकोन दिसायचा. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कळांच्या त्या काळ्या पट्टीला उलटसुलट करून बघितलं. "कानस कुठून घालायची हिला?" म्हणाल्या.

ह्या वर्षी त्यांच्याकडे चारच जण येतात. त्यात आपोलोनिया नावाच्या एक बाई आहेत, बाजारात औषधी मुळ्या विकतात, तेरेरेत घालायच्या. वय साठीच्या पुढे. कुठल्या मुळीने काय बरं होतं ते सगळं आपल्या भाषेत लिहून पुड्यांवर चिकटवायचं, एवढ्यासाठी त्या टायपिंग शिकायला आल्या. मागच्या गुरुवारी मी सहज डोकावले तेव्हा बाईंच्या समोर, मोकळ्या टेबलावर, मातीने काळपटलेली आपोलोनियाबाईंची दहा बोटं पसरलेली होती आणि डोळे मिटलेले होते.

"उजवी करंगळी," बाई म्हणाल्या.

करंगळीबरोबर शेजारचं बोटही उठलं. आपोलोनियाबाईंनी एक डोळा किलकिला केला. "हे माझं ऐकत नाही हो, बाई."

"ऐकेल," निमियाबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. "त्याला आपल्याकडे यायला अजून दोनच दिवस झालेत."